गाडीची कागदपत्रं मोबाईलवर: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या गाडीमालकांसाठी कागदपत्रांचं ॲप करायला घेतलं, तेव्हापासून आमच्याकडे प्रश्न येत आहेत. विचारणारे नाना प्रकारचे आहेत: गाडीवाले, जुन्या गाड्यांचे व्यापारी, सेतू केंद्र चालवणारे, आरटीओचे एजंट, आणि असंच ॲप प्रकल्पासाठी करू पाहणारी इंजिनीअरिंगची मुलं. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. तीच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कागद मोबाईलवर ठेवायला सरकारचं डिजिलॉकर आहे, गाडीच्या कागदांसाठी एम-परिवहन आहे. मग आणखी एक ॲप कशाला?

कागद दाखवायला खरोखर गरज नाही. डिजिलॉकर १ जुलै २०१५ पासून आहे, एम-परिवहनही आता रुळलं आहे. रस्त्यात आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) दाखवायची तर तीच वापरा, आम्हीही तेच सांगतो.

आमचं काम वेगळं आहे. गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते आणि सरकारदरबारी नाव बदलतं, या दोन गोष्टींमध्ये बरेच दिवस जातात. कधी काही वर्षंही जातात. त्या काळात कोणता कागद कोणाकडे अडला आहे, कोणाची सही राहिली आहे, मुदत कधी संपते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. ॲप तेवढं सांभाळतं. कार्ड कोणाच्या खिशात आहे याला आमच्या लेखी फारसं महत्त्व नाही. परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीत नाव कोणाचं आहे, यावर सगळी रचना उभी आहे.

२. आरसीचा फोटो मोबाईलमध्ये आहे. पोलिसांनी थांबवलं तर चालेल का?

नुसता गॅलरीतला फोटो चालेल असं धरून चालू नका. डिजिलॉकरमध्ये 'जारी केलेली' म्हणून आलेली आरसी आणि एम-परिवहनमधली आभासी आरसी मूळ कागदासारखीच ग्राह्य आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी राज्यांना तसं कळवलं आणि पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्येही इलेक्ट्रॉनिक कागदाची सोय झाली. मात्र डिजिलॉकरमध्ये स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला हा दर्जा नाही. एकाच ॲपमध्ये दोन्ही दिसतात, म्हणून लोकांची गल्लत होते.

ॲप करणाऱ्यांनी इथे एक पथ्य पाळावं. फोटोवरून भरलेली माहिती आरसी कार्डासारखी सजवून दाखवू नका. तसाच रंग, तशीच मांडणी दिली की माणूस तेच पोलिसांपुढे धरतो आणि दंड भरतो. आमच्याकडे फोटोच्या प्रतीवर 'फक्त संदर्भासाठी' असा पट्टा कायम असतो, तो काढता येत नाही.

३. गाडी विकली, टीटी फॉर्मवर सह्या दिल्या, पैसे मिळाले. आता माझा संबंध संपला ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

ज्याला आपण टीटी फॉर्म म्हणतो ते दोन फॉर्म आहेत. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली खबर, आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, परराज्यात विकली तर ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. फॉर्मवर सही करून तो घेणाऱ्याच्या हातात देणं म्हणजे आरटीओला कळवणं नव्हे.

आपल्याकडे होतं ते असं. सौदा ठरतो, विकणारा दोन्ही फॉर्मवर सह्या करतो, घेणाऱ्याच्या नावाची जागा मोकळीच राहते. तारीखही टाकत नाहीत. घडी घातलेले फॉर्म डिकीत जातात आणि गाडी निघून जाते. घेणाऱ्याला वाटतं कागद आपल्याकडे आहेत, सवडीने नावावर करू. पुढे तो तीच गाडी त्याच कोऱ्या फॉर्मवर आणखी कोणाला देतो. इकडे ई-चलन येत राहतं पहिल्या मालकाच्या मोबाईलवर. गाडीने कोणाला धडक दिली तर काय होतं, ते प्रश्न १६ मध्ये वाचा.

म्हणून आमच्या ॲपमध्ये कोरा फॉर्म तयारच होत नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि व्यवहाराची तारीख भरल्याशिवाय फॉर्म २९ छापायला मिळत नाही. यावर व्यापाऱ्यांची नाराजी आहे, ती आम्ही ऐकून घेतो, पण हा नियम सैल करणार नाही.

४. नाव झालं की विमाही आपोआप नावावर होतो का?

अर्धा होतो. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाव न बदलल्यामुळे अडू शकतो. नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नसतो. घेणाऱ्याने तो हिशेबात धरू नये.

५. ॲपची पहिली स्क्रीन कशी ठेवावी?

आधी आम्हीही इतरांसारखी खणांची मांडणी काढली होती: आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. कागदावर ती छान दिसते. पण माणूस ॲप उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात 'आरसी' नसते, 'माझी गाडी अजून नावावर का झाली नाही' हे असतं. म्हणून आता वर गाडीचा नंबर, खाली सरकारी नोंदीत असलेलं नाव, आणि त्याखाली एकच वाक्य: पुढचं पाऊल कोणाचं. 'विकणाऱ्याची सही बाकी', 'बँकेचं पत्र बाकी', 'आरटीओकडे अर्ज गेला'. बाकी सगळं त्याच्या आत.

आणखी एक, आपल्या भागापुरतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि गाडी दाखवण्याचं काम उघड्यावरच चालतं. पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांची फॅशन भर उन्हात काहीच दाखवत नाही. काळी, ठळक, मोठी अक्षरं ठेवा. ऑफिसात बसून रंग ठरवू नका, दुपारी दोनला अंगणात उभं राहून ठरवा.

६. 'वाहन' प्रणालीतून मालकाची माहिती आमच्या ॲपला थेट मिळेल का?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा. थेट आणि सरसकट मिळणार नाही. केंद्राने २०१९ मध्ये वाहनांची माहिती घाऊक विकण्याचं धोरण आणलं होतं, ते २०२० मध्ये मागे घेतलं. सार्वजनिक पोर्टलवर नंबर टाकला तर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, आणि ते योग्यच आहे.

सरळ मार्ग म्हणजे गाडीमालकाची संमती. संस्था म्हणून एपीआय सेतूवर (सरकारी माहिती ॲपला जोडून देणारं सरकारी व्यासपीठ) नोंदणी करून डिजिलॉकरमधला कागद मालकाच्या परवानगीने मागता येतो. त्याला वेळ लागतो आणि कागदपत्रंही लागतात. इंटरनेटवर 'कुठल्याही गाडीची पूर्ण माहिती' देणाऱ्या सेवा विकत मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. ती माहिती कुठून आली हे विकणाराही सांगत नाही, आणि वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागेल. कॉलेजच्या प्रकल्पासाठी काल्पनिक नोंदी पुरतात.

७. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळत नाही, म्हणून आरसी डिजिलॉकरमध्ये येत नाही. काय करू?

नाव तेच, माणूस तोच, पण संगणकाला ते पटत नाही. ही तक्रार इतकी येते की आम्ही तिचे प्रकार पाडून ठेवले आहेत.

पहिला प्रकार क्रमाचा. आरसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. दुसरा प्रकार शेपटाचा. आरसीवर 'सुनंदा', आधारवर 'सुनंदाबाई'. एकीकडे 'भास्कर', दुसरीकडे 'भास्करराव'. तिसरा इंग्रजी स्पेलिंगचा. चौधरी हे आडनाव आपल्याकडे गल्लोगल्ली आहे आणि इंग्रजीत ते एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, कारण शोरूमच्या टेबलावर बसलेल्या मुलाने कानाला आलं तसं टाइप केलं. चौथा प्रकार वडिलांच्या नावाचा: एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर एकच अक्षर. आणि पाचवा लग्नानंतर बदललेल्या नावाचा, ज्यात गाडी माहेरच्या नावावर असते.

ॲप करणाऱ्यांसाठी सांगतो. दोन नावं जुळली नाहीत म्हणून 'अवैध' असा लाल शिक्का मारू नका. दोन्ही नावं एकाखाली एक दाखवा आणि फरक नेमका कुठे आहे ते अक्षर ठळक करा. माणसाला फरक दिसला की तो स्वतःच सांगतो, 'हां, इथे चुकलंय'. पहिले दोन प्रकार ॲपने ओळखून 'बहुधा तुम्हीच आहात' असं सांगावं, पण स्वतःच्या अधिकारात पास करू नये.

गाडीमालकांसाठी: जो कागद चुकीचा आहे तोच दुरुस्त करा. आधार बदलणं सोपं वाटतं म्हणून आरसीतल्या चुकीप्रमाणे आधार बदलून घेणारे लोक आहेत. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शिवाय तेच आधार बँकेला, रेशनला, शेतीच्या अनुदानाला जोडलेलं असतं. आरसीतली चूक आरटीओकडूनच दुरुस्त करून घ्या.

८. ओटीपी येतच नाही. नंबर तर चालू आहे.

बहुतेक वेळा 'वाहन'मध्ये तुमचा नंबर नसतोच. नवीन गाडी घेताना शोरूमवाल्याने घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा तुमचा तेव्हाचा नंबर बंद पडलेला असतो. परिवहनच्या पोर्टलवर मोबाईल क्रमांक बदलण्याची सोय आहे. त्यासाठी गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख जवळ ठेवा. गाडी विकायचा विचार असेल तर सगळ्यात आधी हे काम करा. सौदा झाल्यावर नंबर शोधत बसण्यात दोघांचे दिवस जातात.

९. कार्डचा फोटो काढला की माहिती आपोआप भरली जाते का?

भरली जाते, पण मालकाने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्मार्ट कार्ड चकचकीत असतं, उजेड पडला की मधले अंक उडतात. चेसिस नंबरसाठी एक नियम उपयोगी पडतो: १७ अक्षरांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत. मशीनने 'ओ' वाचला तर तो शून्य, 'आय' वाचला तर एक. मात्र जुन्या स्कूटर आणि जुन्या ट्रॅक्टरवर १७ पेक्षा कमी अक्षरं असतात, म्हणून १७ चीच सक्ती ठेवू नका.

दुसरी चूक नंबरप्लेटवरून जिल्हा ठरवण्याची. एमएच १९ जळगाव, एमएच १८ धुळे, एमएच ३९ नंदुरबार हे खरं, पण राज्यात गाडी विकली तरी नंबर तोच राहतो. नाशिकची एमएच १५ पासिंगची गाडी पारोळ्याच्या माणसाच्या नावावर असू शकते. जिल्हा विचारून घ्या.

१०. कर्ज कधीच फिटलं, तरी आरसीवर बँकेचं नाव दिसतं. विकता येईल का?

बोजा उतरवल्याशिवाय नाव बदलणार नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) रद्द करून घ्या. बँकेच्या पत्रावर मुदत लिहिलेली असते. पत्र आणून कपाटात ठेवलं तर पुन्हा नवं मागावं लागतं. ॲपमध्ये आम्ही त्या पत्राची तारीख मुद्दाम वेगळी विचारतो आणि आठवण देतो.

गुंता होतो तो विलीन झालेल्या बँकांचा. आरसीवर 'देना बँक' आहे, पण ती १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये गेली. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँकेत. माणूस जुन्या पाटीची शाखा शोधत फिरतो. ॲपमधल्या बँकेच्या यादीत जुनी नावं ठेवाच, आणि शेजारी 'आता पत्र कोणाकडून घ्यायचं' हे लिहा. पतसंस्थेचं कर्ज असेल आणि संस्था अवसायनात गेली असेल तर पत्र अवसायकाकडून घ्यावं लागतं.

११. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकच गाडी धरायची का?

नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आरसी वेगळी. ट्रॉलीला चेसिस नंबर असतो, इंजिन नसतं. बहुतेक ॲपमध्ये इंजिन नंबर सक्तीचा ठेवलेला असतो, मग ट्रॉलीवाला तिथे ट्रॅक्टरचाच नंबर टाकून मोकळा होतो आणि नोंद कायमची बिघडते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ट्रॅक्टर एका भावाच्या नावावर, ट्रॉली दुसऱ्याच्या, आणि विकताना दोन्हींचा सौदा एकदम, असंही असतं. ॲपमध्ये सौदा एक आणि वाहनं अनेक, अशी सोय हवी.

१२. मालक वारले. गाडी घरातच आहे. नाव कसं करायचं आणि तोवर चालवायची का?

कायद्यात यासाठी वेळ दिलेला आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकी वारसांची संमती, विमा, पीयूसी, आरसी हे लागतं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. नवी गाडी घेताना तो टाकून घ्या, जुन्या गाडीलाही पोर्टलवरून नोंदवता येतो.

ॲपच्या भाषेकडे इथे खास लक्ष द्या. दुःखात असलेल्या घरात हा अर्ज बहुतेक वेळा कॉलेजातली नात किंवा पुतण्या भरतो. 'विक्रेत्याची सही बाकी' असा ठरावीक निरोप तिथे जाऊ नये. आम्ही या कामासाठी वेगळे निरोप लिहिले आहेत, आणि आठवण रोज न पाठवता मुदत जवळ आली की पाठवतो.

१३. माझा जुन्या गाड्यांचा व्यवसाय आहे. रोज गाड्या येतात-जातात. प्रत्येक वेळी माझ्या नावावर करायची का?

नको, पण त्यासाठी अधिकृत व्हावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी नवे नियम लागू आहेत. आरटीओकडून परवाना घ्यायचा. मालकाने गाडी तुमच्याकडे दिली की फॉर्म २९सी ने ऑनलाइन खबर द्यायची. तिथून ती विकली जाईपर्यंत तुम्ही त्या गाडीचे मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक धरले जाणारे. नूतनीकरण, दुय्यम आरसी, एनओसी (ना-हरकत पत्र), नाव बदलणं, या कामांचे अर्ज तुम्हीच करू शकता. त्याबरोबर जबाबदारीही येते: गाडी फक्त ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम किंवा तपासणीसाठी रस्त्यावर काढायची, आणि प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची.

विकणाऱ्यासाठी ही फार चांगली सोय आहे, कारण गाडी व्यापाऱ्याच्या आवारात उभी असतानाच त्याची सुटका होते. तरीही तालुक्याच्या गावी अजून कोऱ्या टीटी फॉर्मवरच धंदा चालतो. ॲपमध्ये व्यापाऱ्याचं खातं उघडताना आम्ही परवान्याचा क्रमांक मागतो. नसेल तर खातं उघडतं, पण गाडी 'व्यापाऱ्याकडे' अशी दिसत नाही, मूळ मालकाच्याच नावाखाली दिसते. खरी स्थिती तीच आहे.

१४. गाडी सुरतची, जीजे ०५ पासिंग. आता खानदेशात वापरतो आहे. काय करावं लागेल?

उधना-लिंबायतला कामाला असलेला भाऊ गावाकडच्या भावाला मोटरसायकल देतो, ही इथली रोजची गोष्ट. बुऱ्हाणपूरची एमपी ६८ रावेरला आणि सेंधव्याची एमपी ४६ शिरपूरला तशीच येते.

पहिला प्रश्न ॲपने हाच विचारावा: गाडी आता कायम कुठे राहणार? ये-जा असेल आणि गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार नसेल, तर काही बदलायची गरज नाही. त्यापेक्षा जास्त राहणार असेल तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. गाडी विकत घेतली असेल तर नाव आणि राज्य दोन्ही बदलायचं.

क्रम असा. आधी थकलेली चलनं भरा आणि बोजा असेल तर उतरवा. मग मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. मग महाराष्ट्राचा कर आणि फॉर्म २७ वर नव्या नंबराचा अर्ज. सुरतेच्या कराचा परतावा तिकडेच मागायचा. कर गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो, म्हणून ॲपने स्वतः आकडा काढून दाखवू नये, पोर्टलवर येईल तोच दाखवावा. अंदाजाचा आकडा दाखवला की लोक तोच खरा मानून सौद्याची किंमत ठरवतात.

एक सूचना सुरतेत राहणाऱ्यांना: गावाला दिवाळीला येताना गाडी द्यायची असेल तर एनओसीचा अर्ज तिकडे असतानाच करा.

१५. धडगाव-मोलगीकडे नेटवर्क नसतं. ॲप चालेल का?

चाललंच पाहिजे, नाहीतर ते सातपुड्यासाठी नाहीच. फॉर्म भरणं, फोटो काढणं, तारखा पाहणं हे सगळं नेटशिवाय होतं. अर्ज फोनमध्येच थांबतो आणि अक्कलकुवा-तळोद्याकडे उतरल्यावर रेंज आली की जातो. थांबलेला अर्ज 'पाठवला' असं कधीच दाखवू नका. 'फोनमध्ये आहे, अजून गेलेला नाही' हेच लिहा. सरकारी नोंदीखालीही 'शेवटचं तपासलं' ची तारीख हवी.

फोन घरात एकच आणि गाड्या तीन, हे गृहीत धरा. भाषेचंही असंच. मराठी आहेच, पण वाचायला जड जाणाऱ्यांसाठी आवाजातले प्रश्न अहिराणीत आहेत: 'गाडी कोना नाववर शे?' पावरी आणि भिलीतले आवाज तिथल्याच माणसांकडून घ्यायचे आहेत. घाईने यंत्राच्या आवाजात ते करणार नाही.

१६. गाडी माझ्याकडे येईपर्यंत तीन हातांतून गेली. मधल्या कोणी नाव केलंच नाही. आता?

कायद्याला मधले दिसत नाहीत. नोंदीतला मालक आणि तुम्ही, एवढंच दिसतं. म्हणून सही नोंदीतल्या मालकाचीच लागते. त्याला शोधा, समजावून सांगा की नाव बदलण्यात त्याचाही फायदा आहे. तो परगावी असेल तर आधार ओटीपीने, आरटीओत न जाता होणाऱ्या फेसलेस सेवांमुळे प्रवास वाचू शकतो. तो वारला असेल तर त्याच्या वारसांकडे जावं लागेल, प्रश्न १२ पाहा. डिकीतल्या जुन्या फॉर्मवरच्या सहीसारखी सही करून देणारे लोक भेटतात. तो खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

मूळ मालकाला पटवायचं असेल तर त्याला हा निकाल सांगा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. त्याने गाडी आधीच विकली होती, ती हातोहात पुढे गेली होती, तरी जबाबदारी त्याच्यावरच आली.

आणि तुम्हीच तो मूळ मालक असाल, घेणारा नाव करत नसेल, तर गप्प बसू नका. फॉर्म २९ आरटीओत देऊन पोच घ्या. घेणाऱ्याचा आधारवरचा पत्ता, पैसे मिळाल्याची नोंद, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ जपून ठेवा. नाव बदलेपर्यंत पूर्ण सुटका नाही, पण चलनाच्या वादात आणि पोलिसांपुढे ही पोच उपयोगी पडते. ॲपमधली 'गाडी दिल्याची पावती' याचसाठी आहे: दोघांचा फोटो, किलोमीटरचा आकडा, वेळ, दोघांच्या ओटीपीने पक्की. पडद्यावर बोटाने काढलेली सही मात्र आम्ही घेत नाही. ती कायद्यातली इलेक्ट्रॉनिक सही नव्हे. आधारवर चालणारी ई-साइन ती आहे.

१७. ॲपची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवता का?

कधीच नाही, आणि कोणी पाठवली तर उघडू नका. 'आरटीओ चलन' किंवा 'एम-परिवहन' नावाच्या एपीके फाईली (फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाईली) पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. सरकारी ॲप असो वा आमचं, अधिकृत स्टोअरवरूनच घ्या.

१८. आधारची झेरॉक्स चढवायला का सांगत नाही?

कारण ती आमच्याकडे असायची गरज नाही. आधारची पडताळणी सरकारी पोर्टलवर होते, आम्ही क्रमांक साठवत नाही. काही कारणाने प्रत लागलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारं झाकलेलं आधार द्या. सेतू केंद्रवाल्यांनाही विनंती आहे, गिऱ्हाइकांचे कागद दुकानाच्या व्हॉट्सॲपमध्ये साठवून ठेवू नका.

१९. फीचा तक्ता ॲपमध्ये का नाही? आणि एजंटांचं काय?

फी बदलते. १ एप्रिल २०२२ ला १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी मोटरसायकलला ३०० वरून १००० आणि कारला ६०० वरून ५००० झाली. जुना तक्ता दाखवणारं ॲप लोकांचं नुकसान करतं. म्हणून आम्ही पोर्टलच्या पावतीवरचा आकडाच दाखवतो. एजंटाची मजुरी त्याखाली वेगळ्या ओळीत लिहायची सोय आहे. बरेच एजंट मनापासून काम करतात, वयस्कर माणसाला त्यांचा आधार वाटतो. त्यांना 'मदतनीस' म्हणून लॉगिन आहे. ओटीपी मात्र मालकाच्याच फोनवर जातो.

२०. गाडी भंगारात दिली. ॲपमधून काढून टाकू का?

आधी आरटीओच्या नोंदीतून काढा. गाडी कायमची निकामी झाली तर कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं. गावातल्या भंगारवाल्याला वजनावर दिलेल्या गाडीची नोंदणी जिवंतच राहते, आणि तिचा चेसिस नंबर दुसऱ्या कोणाच्या कामी येऊ शकतो. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र (गाडी तिथे जमा केल्याचा दाखला) मिळतं, ते जपून ठेवा. नोंदणी रद्द झाल्याचं 'वाहन'वर दिसलं की गाडी ॲपमध्ये 'बंद' यादीत जाते. तिचे कागद आम्ही पुसत नाही, कारण जुन्या तारखेचं चलन किंवा कोर्टाची नोटीस त्यानंतरही येऊ शकते.